‘विद्यावाचस्पती’ म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर आमचं टायपिंग, मुद्रितशोधन आणि बाइंडिंगचं दुकान आहे. प्रबंध टाइप करणं, त्यातल्या चुका काढणं आणि शेवटी मरून रेक्झिनवर सोनेरी अक्षरं ठोकून देणं हे आमचं काम. काउंटरवर माणसं येतात ती पानाचा दर विचारायला, पण बोलता बोलता गाडी हमखास शब्दांवर येते. कव्हरवर ‘विद्यावाचस्पती’ लिहायचं की ‘पीएच.डी.’? ‘डॉ.’ आजपासून लावू का? पत्रिकेत कसं छापू? तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच काढते.

‘विद्यावाचस्पती’ म्हणजे पीएच.डी.च ना?

महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत, हो. प्रबंधाच्या पहिल्या पानावरचं ठरलेलं वाक्य तुम्ही पाहिलं असेल: ‘अमुक विद्यापीठाच्या विद्यावाचस्पती (पीएच.डी.) पदवीसाठी सादर केलेला प्रबंध’. पण हा शब्द सगळीकडे याच अर्थाने चालतो असं समजू नका. संस्कृत विद्यापीठाच्या दारात गेलात तर तिथे तो दुसऱ्याच पायरीवर बसलेला सापडेल. त्याबद्दल खाली सांगते.

या शब्दाचा मूळ अर्थ काय?

‘वाचस्पती’ म्हणजे वाणीचा स्वामी. ‘वाच्’ शब्दाची षष्ठी ‘वाचः’ आणि पुढे ‘पति’. एरवी समासात पहिल्या पदाची विभक्ती गळून पडते. इथे ती तशीच टिकली आहे, म्हणून व्याकरणात याला अलुक समास म्हणतात. ‘बृहस्पती’ याच घराण्यातला, आणि ‘युधिष्ठिर’ही, त्यात सप्तमी शिल्लक आहे, एवढाच फरक.

शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विश्वकर्म्याला वाचस्पती म्हटलंय. पण मला त्याहून आवडतं ते अथर्ववेदाचं पहिलंच सूक्त. त्यात वाचस्पतीला साकडं घातलंय की बाबा रे, ‘मय्येवास्तु मयि श्रुतम्’, मी जे ऐकलं ते माझ्याजवळच राहू दे. व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री आमच्याकडे झेरॉक्सला आलेल्या कुठल्याही संशोधकाचा चेहरा आठवा. मागणं तेच असतं.

पुढे वाचस्पती हे माणसाचं नावही झालं. ‘भामती’ ही टीका लिहिणारे मिथिलेचे वाचस्पती मिश्र प्रसिद्ध आहेत. तिथे ते नाव आहे, पदवी नव्हे.

‘विद्या’ पुढे जोडून पीएच.डी.साठी हा शब्द रूढ झाला तो शिक्षण देशी भाषांत आणण्याच्या खटपटीतून. गांधीजींनी १९२० मध्ये अहमदाबादला गुजरात विद्यापीठ काढलं. तिथे पदव्यांची नावंच स्नातक, पारंगत, विद्यावाचस्पती अशी आहेत. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. जुन्या पिढीतल्या माणसांच्या नावापुढे ‘वाङ्मयविशारद’ असं दिसतं ते तिथलं. ‘पारंगत’ म्हणजे पलीकडच्या तीरावर पोचलेला. एम.ए.ला याहून देखणा शब्द मला तरी ठाऊक नाही, पण तो काही सगळीकडे रुजला नाही.

आमच्या नागपूरकडे ‘आचार्य पदवी’ म्हणतात. ती वेगळी का?

पदवी तीच, शब्द वेगळा. नागपूर-अमरावतीकडच्या बातम्यांत ‘अमुक यांना आचार्य पदवी’ असा मथळा आला की ती पीएच.डी. समजावी.

शब्द सुंदर आहे. यास्काने ‘निरुक्ता’त त्याची व्युत्पत्ती एक सोडून तीन दिल्या आहेत: आचार शिकवतो तो, अर्थ गोळा करतो तो, बुद्धी साठवतो तो. मधला अर्थ संशोधकाला इतका चपखल बसतो की ‘विद्यावाचस्पती’पेक्षा ‘आचार्य’च बरा, असं मला कधी कधी वाटतं. वाणीचं स्वामित्व प्रबंधात फारसं दिसत नाही, गोळा करणं मात्र पानोपानी दिसतं.

अडचण अशी की ‘आचार्य’ आधीच तीन ठिकाणी कामाला लागलेला आहे. आचार्य अत्रे, आचार्य विनोबा, आचार्य जावडेकर यांच्या नावामागे लोकांनी तो आदराने लावला, त्याला विद्यापीठाचा शिक्का नाही. जैन संघातलं आचार्यपद वेगळंच. आणि संस्कृत विद्यापीठांत ‘आचार्य’ म्हणजे चक्क एम.ए. त्यामुळे बायोडेटात नुसतं ‘आचार्य’ लिहून मोकळं होऊ नका. विद्यापीठ आणि कंसात पीएच.डी. लिहा.

संस्कृत विद्यापीठातली ‘विद्यावारिधी’ कोणती पदवी?

ती तिथली पीएच.डी.च. संस्कृत विद्यापीठांची परंपरागत उतरंड अशी: शास्त्री म्हणजे बी.ए., आचार्य म्हणजे एम.ए., विद्यावारिधी म्हणजे पीएच.डी. आणि त्याच्याही वर वाचस्पती, म्हणजे डी.लिट. वारिधी म्हणजे समुद्र. आधी समुद्र व्हायचं, मग वाणीचा स्वामी!

आता गंमत बघा. कोल्हापूरचा ‘विद्यावाचस्पती’ वाराणसीच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयात गेला आणि त्याने आपली पदवी मराठीतल्या नावाने सांगितली, तर समोरच्याला तो डी.लिट. वाटण्याची शक्यता आहे. उलट तिकडचा ‘आचार्य’ विदर्भात आला तर आपण त्याला एक पदवी फुकट देऊन टाकू. एका गृहस्थांच्या मुलाखतीच्या अर्जात मी हा घोळ प्रत्यक्ष पाहिलाय. ते प्रामाणिक होते, अर्ज तपासणारेही प्रामाणिक होते, दोघांचे शब्दकोश तेवढे वेगळे होते.

‘तर्कतीर्थ’, ‘काव्यतीर्थ’ या पदव्या आणखी निराळ्या. कलकत्त्याच्या संस्कृत परीक्षांमधून त्या मिळत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांची ‘तर्कतीर्थ’ तिथली. ‘महामहोपाध्याय’ ही मात्र परीक्षा देऊन मिळवायची पदवीच नव्हे. इंग्रजी अमदानीत सरकार विद्वानांना तो किताब देत असे. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे पां. वा. काणे महामहोपाध्याय होते.

शेवटची वेलांटी पहिली की दुसरी?

मराठीत लिहीत असाल तर दुसरी: विद्यावाचस्पती. संस्कृतातून आलेले इकारान्त शब्द मराठीत शेवटी दीर्घ लिहायचे, जसे कवी, बुद्धी, गती. १९६२ मध्ये मान्य झालेल्या लेखननियमांतला हा नियम आहे. पण हाच शब्द समासात पुढच्या शब्दाला चिकटला की मूळची पहिली वेलांटी परत येते, म्हणून ‘विद्यावाचस्पतिपद’. मधे जागा सोडून ‘विद्यावाचस्पती पदवी’ लिहिलंत तर दीर्घच.

आणि ‘स्प’ नीट जोडा. ‘विद्यावाचसपती’ असं टाइप केलेले प्रबंध महिन्याला एखादा तरी येतोच.

‘पी.एच.डी.’ की ‘पीएच.डी.’?

पीएच.डी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त वेळा खोडलेला टिंब म्हणजे ‘पी’नंतरचा.

कारण साधं आहे. पदवीचं लॅटिन नाव ‘फिलॉसॉफिए डॉक्टर’. त्यातल्या ‘फ’ या एका ध्वनीसाठी रोमन लिपीत दोन अक्षरं लागतात, पी आणि एच. म्हणजे ‘पीएच’ हा एकाच शब्दाचा एकच संक्षेप आहे, त्याच्या पोटात टिंब घालायची सोय नाही. पी, एच आणि डी असे तीन वेगळे शब्द असते तर गोष्ट निराळी. हल्ली ‘पीएचडी’ असं सलगही लिहितात. वर्तमानपत्रांना ते सोपं पडतं, त्यात काही चूक मानू नये. ‘पी.एच.डी.’ मात्र नको.

एकदा आमच्याच दुकानात चार प्रतींच्या कव्हरवर हा जादा टिंब सोनेरी होऊन उमटला होता. ठसे जुळवणारा पोरगा नवा होता आणि मी जेवायला गेले होते. सोनेरी टिंब खरवडता येत नाही, खालचं रेक्झिन पांढरं पडतं. चारही कव्हरं आमच्या खर्चाने पुन्हा केली. त्यातलं एक अजून भिंतीवर लावून ठेवलंय, नव्या पोरांना दाखवायला.

माझा विषय रसायनशास्त्र. त्यात फिलॉसॉफी कुठून आली?

युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक या तीन वरच्या विद्याशाखा होत्या. उरलेलं सगळं, गणितापासून भाषेपर्यंत, तत्त्वज्ञान नावाच्या एका मोठ्या पोत्यात. पदार्थविज्ञानालाही तेव्हा ‘निसर्गाचं तत्त्वज्ञान’च म्हणत. त्या शाखेची सर्वोच्च पदवी म्हणून ‘डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी’ असं नाव पडलं. पोतं कधीच रिकामं झालं, नाव तेवढं राहिलं.

नवं संशोधन करून प्रबंध लिहायचा आणि मग पदवी घ्यायची, हा आजचा प्रकार जर्मनीत घडला. १८१० मध्ये सुरू झालेल्या बर्लिन विद्यापीठाचा त्यात मोठा वाटा. तिथून तो अमेरिकेत गेला. येल विद्यापीठाने १८६१ मध्ये तिकडच्या पहिल्या पीएच.डी. दिल्या. इंग्लंडला मात्र वेळ लागला. ऑक्सफर्डने ही पदवी सुरू केली १९१७ मध्ये आणि तीही शब्द उलटे करून, ‘डी.फिल.’ म्हणून. ऑक्सफर्डचा डी.फिल. आणि इथला पीएच.डी. यांत दर्जाचा फरक शोधत बसू नका.

म्हणूनच जुन्या मराठी विद्वानांच्या पदव्या बघितल्या तर त्या अमेरिकेच्या किंवा जर्मनीच्या निघतात. ज्ञानकोशकार केतकर कॉर्नेलचे, इरावती कर्वे बर्लिनच्या, रा. ना. दांडेकर हायडेलबर्गचे.

खरे डॉक्टर कोण, औषध देणारे की प्रबंध लिहिणारे?

हा प्रश्न बहुधा नवऱ्याची पीएच.डी. झालेल्या बाई हसत हसत विचारतात.

लॅटिनमध्ये ‘डोकेरे’ म्हणजे शिकवणे, आणि ‘डॉक्टर’ म्हणजे शिकवणारा. विद्यापीठात शिकवायचा परवाना मिळालेला तो डॉक्टर. म्हणजे मुळात हा शब्द मास्तरांचा. वैद्यकाच्या शाखेतही ‘डॉक्टर ऑफ मेडिसिन’ पदवी होतीच, आणि लोकांचा रोजचा संबंध त्याच डॉक्टरशी येत असल्याने शब्द तिकडे ओढला गेला. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झाल्या. त्यासाठी त्यांनी हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला होता. त्या दोन्ही अर्थांनी डॉक्टर.

आज आपल्याकडे एम.बी.बी.एस. ही खरं तर ‘बॅचलर’ पदवी, म्हणजे कागदावर बी.ए., बी.कॉम.च्या ओळीतली. त्यांचं ‘डॉ.’ व्यवसायाच्या संकेतातून आलेलं आहे, पीएच.डी.चं पदवीतून. दोन्ही रास्त. इंग्लंडमध्ये तर शल्यविशारद ‘मिस्टर’ म्हणवून घेण्यात भूषण मानतात.

मराठीने मात्र एक बारीक भेद आपोआप करून ठेवलाय. ‘डॉक्टरकी’ म्हटलं की फक्त दवाखाना. पीएच.डी.वाला कधी ‘डॉक्टरकी’ करत नाही. आणि ‘डॉक्टरेट’ म्हटलं की फक्त विद्यापीठ. दवाखान्यातल्या डॉक्टरांना कोणी ‘तुमची डॉक्टरेट कुठली?’ विचारत नाही.

‘डॉ.’ म्हणजे केवळ औषध नव्हे, हे महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत पोचलं ते माझ्या मते एका नावामुळे. चौकाचौकांत, शाळेच्या भिंतीवर, विद्यापीठाच्या कमानीवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ लिहिलेलं असतं. पहिलीतलं पोरही ते वाचतं आणि बाबासाहेब इंजेक्शन देत होते असं त्याला वाटत नाही.

बाबासाहेबांच्या पदव्यांत पीएच.डी., डी.एस्सी., डी.लिट. सगळंच आहे. यांत फरक काय?

हे उदाहरण घेऊन बसलं की सगळ्या पदव्या समजतात, म्हणून जरा सविस्तर.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. केलं. पीएच.डी.चा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर होता. कोलंबियाची तेव्हाची अट अशी की प्रबंध नुसता लिहून भागत नाही, छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या. तो ग्रंथ १९२५ मध्ये लंडनहून निघाला, सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलेला, आणि पदवी रीतसर हातात आली १९२७ मध्ये. छपाईपायी पदवी अडते हे दुखणं आजचं नाही, असं मी घाईवर आलेल्या गिऱ्हाइकांना सांगते.

मधल्या काळात लंडनला १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. ‘रुपयाचा प्रश्न’ हा तो प्रबंध. म्हणजे डी.एस्सी. आधी मिळाली आणि पीएच.डी. नंतर. या दोन्ही अभ्यास करून, प्रबंध लिहून मिळवलेल्या. १९५२ मध्ये कोलंबियाने दिलेली एलएल.डी. आणि १९५३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने दिलेली डी.लिट. या मानद.

थोडक्यात, डी.एस्सी. विज्ञान-अर्थशास्त्राकडची, डी.लिट. साहित्य-मानव्यविद्यांकडची, एलएल.डी. कायद्याची. बऱ्याच विद्यापीठांत डी.लिट. आणि डी.एस्सी. पीएच.डी.च्या वरच्या मानल्या जातात आणि प्रकाशित संशोधनावर दिल्या जातात. याच पदव्या मानदही देतात, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून काही कळत नाही. ‘एलएल.डी.’मध्येही ‘एलएल’ सलग लिहा. लॅटिनमध्ये अनेकवचन दाखवायला अक्षर दोनदा लिहीत, तेच ते.

मानद डॉक्टरेट मिळाली की ‘डॉ.’ लावता येतं का?

चांगला संकेत असा की मानद पदवीवर नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. परिचयात ‘अमुक विद्यापीठाची मानद डी.लिट.’ असा उल्लेख करावा. प्रत्यक्षात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागतो.

मात्र पदवी देणारं विद्यापीठ आहे का, हे आधी पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं २२ वं कलम सांगतं की केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. बाकी कोणीही हॉटेलच्या सभागृहात लाल झगे घालून, पाच-पंचवीस हजार ‘नोंदणी शुल्क’ घेऊन डॉक्टरेट वाटली तर तो कागद आहे, पदवी नाही. याच कायद्याच्या २४ व्या कलमात दंडही सांगितलाय, जास्तीत जास्त १,००० रुपये. एवढ्याने कोण घाबरणार! आमच्याकडे असे कागद लॅमिनेशनला येतात. मी करून देते, त्याचे पैसे घेते आणि गप्प बसते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आपल्या संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने सरकारी किताब बंद केले, रावबहादूर वगैरे सगळे. पण त्याच वाक्यात दोन गोष्टी वगळल्या आहेत: लष्करी सन्मान आणि विद्याविषयक सन्मान. कॅप्टन आणि डॉक्टर, हे दोघे प्रजासत्ताकातही राहिले.

प्रबंध सादर केलाय. ‘डॉ.’ कधीपासून लावू?

सादर केल्यावर नाही. व्हायवा झाल्यावर लोक हार घालतात, पेढे वाटतात, व्हॉट्सॲपवर नाव बदलतात. तरीही खरा क्षण तो नव्हे. परीक्षकांचे अहवाल आणि मौखिक परीक्षेचा निकाल विद्यापीठाने स्वीकारून अधिसूचना काढली, जिला सगळे ‘नोटिफिकेशन’ म्हणतात, त्या तारखेपासून तुम्ही पीएच.डी. झालात. पदवीचा कागद पुढे दीक्षान्त समारंभात मिळेल, तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र चालतं.

‘पीएच.डी. (सादर)’, ‘पीएच.डी. (चालू)’ असं नावापुढे लिहिणं मला पटत नाही. चालू असलेली गोष्ट पदवी कशी?

पीएच.डी. ‘केली’, ‘झाली’ की ‘मिळाली’?

तिन्ही बरोबर, पण छटा वेगळ्या. ‘तिने पीएच.डी. केली’ यात कष्ट आहेत. ‘तिला पीएच.डी. मिळाली’ यात निकाल आहे. ‘ती पीएच.डी. झाली’ यात माणूसच पदवी होऊन जातो, जसं ‘तो बी.ए. झाला’. ‘पदवी’ स्त्रीलिंगी, म्हणून पीएच.डी. आणि डॉक्टरेटही स्त्रीलिंगी. ‘प्रबंध’ मात्र पुल्लिंगी. ‘माझी थिसिस’ आणि ‘माझा थिसिस’ दोन्ही कानावर येतं. लिहिताना सरळ ‘प्रबंध’ लिहा, वाद मिटतो.

बोलताना विद्यापीठातलं कोणीही ‘विद्यावाचस्पती’ म्हणत नाही. तिथली भाषा अशी: पेट (प्रवेश परीक्षा) दिली, गाइड मिळाला, कोर्सवर्क संपलं, सिनॉप्सिस टाकला, थिसिस सबमिट केला, व्हायवा लागला. हा शब्द येतो तो कव्हरवर, निमंत्रणपत्रिकेवर आणि सत्काराच्या भाषणात.

त्याला टवाळीतही जागा नाही. ‘भांडण उकरण्यात त्याने पीएच.डी. केली आहे’ असं आपण सहज म्हणतो. तिथे ‘विद्यावाचस्पती’ घालून पाहा, वाक्य बसकण मारतं. जो शब्द थट्टेत चालत नाही तो अजून पाहुणाच आहे, असं माझं मत.

‘प्रा. डॉ.’ यांतलं आधी काय? आणि लग्नपत्रिकेत?

आपल्याकडे ‘प्रा. डॉ.’ रूढ आहे: आधी पद, मग पदवी. ‘डॉ. प्रा.’ कोणी लिहीत नाही. ‘श्री. डॉ.’ नको, दोनातलं एकच. नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर पुन्हा ‘पीएच.डी.’ हाही दुहेरी मारा आहे. ‘डॉ.’नंतर टिंब आणि मग एक जागा सोडायची. प्रबंधाच्या आत संदर्भ देताना मात्र ‘डॉ.’ गाळतात. ‘केतकर म्हणतात’ एवढं पुरे, त्यात अनादर नाही. मार्गदर्शकांच्या नावाला गाळू नका, तो ऋणनिर्देश आहे आणि व्हायवाला ते समोर बसणार आहेत.

लग्नपत्रिकेत ‘चि. सौ. कां. डॉ.’ अशी आगगाडी होते. एका वडिलांनी मुलीच्या नावाखाली प्रबंधाचा विषयही छापायला सांगितला होता. विषय होता जनावरांच्या पोटातले जंत. मुलीने फोन करून थांबवला.

दारावरच्या पाटीबद्दल एक अनुभवाचा सल्ला. आमच्या भाऊजींनी मराठीत पीएच.डी. झाल्यावर तळमजल्याच्या दारावर ‘डॉ.’ असलेली पाटी लावली. रात्री अडीचला कोणी तरी तापाने फणफणलेलं मूल घेऊन आलं. भाऊजींनी रिक्षा काढून त्यांना दवाखान्यात पोचवलं आणि सकाळी पाटी बदलली: नाव, आणि खाली ‘पीएच.डी. (मराठी)’.

बाईसाठी वेगळं रूप आहे का?

नाही. ‘विद्यावाचस्पती’ दोघांनाही. ‘डॉक्टरीणबाई’ गावात दवाखान्यातल्या डॉक्टरांना म्हणतात, प्रेमाने म्हणतात, पण छापू नये.

एम.फिल. बंद झाली म्हणतात. माझ्या एम.फिल.चं काय?

तुमची पदवी आहे तशी वैध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. थांबवली, पण आधी मिळालेल्या पदव्यांना धक्का लावला नाही. एम.फिल.चा तो ‘लघुप्रबंध’ किंवा ‘प्रबंधिका’, पीएच.डी.चा ‘प्रबंध’ किंवा ‘शोधप्रबंध’.

याच विनियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी ३ वर्षं आणि एरवी जास्तीत जास्त ६ वर्षं लागतात. वर मुदतवाढीची सोय आहे, स्त्रियांना आणि दिव्यांगांना जास्त. चार वर्षांच्या पदवीनंतर ७५ टक्के गुण असतील तर एम.ए. न करताही प्रवेश घेता येतो. प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी लागते आणि ती ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर जाते. म्हणजे आता प्रबंध कपाटात दडवता येत नाही. कोणीही उघडून पाहू शकतं, शुद्धलेखनासकट.

प्रबंध किती पानांचा असावा?

गाइड सांगतील तेवढा. पण पानं मोजून धास्तावलेल्यांना मी कमला सोहोनींचं उदाहरण देते. केंब्रिजमधून १९३९ मध्ये विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं, आणि त्यांचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. आमच्याकडे ४० पानं ऋणनिर्देश आणि प्रस्तावनेतच जातात.

मग कव्हरवर शेवटी काय छापायचं?

तुमच्या विद्यापीठाच्या नमुन्यात जे आहे तेच. मराठी प्रबंधाला बहुधा ‘विद्यावाचस्पती (पीएच.डी.)’. इंग्रजीतल्या प्रबंधाला त्यांचा ठरलेला मजकूर. स्वतःच्या मनाने ‘आचार्य’चं ‘विद्यावाचस्पती’ करू नका, उलटही नको. कण्यावर जागा थोडी असते, तिथे नुसतं ‘पीएच.डी.’, आडनाव आणि वर्ष.

बाइंडिंगला किती दिवस लागतात?

चार प्रतींना दोन दिवस. ठसे लावायच्या आधी मजकूर तुमच्यासमोर मोठ्याने वाचला जाईल, तुम्ही सही करायची. दुपारी दीड ते अडीच आम्ही जेवायला जातो, त्या वेळात कव्हर ठोकत नाही.